जुने हॉलिवूड पिक्चर कसे बघायचे आणि त्यांना रेटिंग कसं द्यायचं

बऱ्याच जणांचं असं होतं की कुठल्यातरी 'जगातले सर्वोत्तम १००' यादीतून थेट 'सिटिझन केन' उचलायचा, रात्री साडेअकराला लावायचा, निम्म्यात डोळे मिटायचे आणि दुसऱ्या दिवशी लोक काय म्हणतील म्हणून चार स्टार देऊन टाकायचे. हे रेटिंग तुमचं नसतं, यादीचं असतं. १९३० ते १९५० च्या दशकातले स्टुडिओचे पिक्चर खरंच खूप मजा देतात, पण ते कुठल्या कारखान्यात आणि कुठल्या नियमांत बनले हे थोडं माहीत असेल तरच, आणि रेटिंगसुद्धा तेव्हाच प्रामाणिक होतं. तर माझी पद्धत सांगते.

सुरुवात कशाने करायची

केनने नको, तो पाच-सहा पिक्चर झाल्यावर बघा म्हणजे त्यात नवीन काय केलंय ते आपोआप दिसेल. पहिला लावा 'इट हॅपन्ड वन नाइट', १९३४, कोलंबिया स्टुडिओ, दिग्दर्शक फ्रँक काप्रा. घरातून पळालेली श्रीमंत मुलगी आणि बातमीच्या मागे लागलेला पत्रकार, बसचा प्रवास... ओळखीचं वाटतंय ना? राज कपूर-नर्गिसचा 'चोरी चोरी' आणि नंतर आमिर खानचा 'दिल है के मानता नहीं' याच्यावरूनच आले. गोष्ट आधीच माहीत असल्यामुळे तुमचं लक्ष मोकळं राहतं, आणि क्लार्क गेबल आणि क्लॉडेट कोलबर्ट बोलतात कसे, कॅमेरा त्यांना किती वेळ एकत्र ठेवतो हे बघता येतं. मग 'कॅसाब्लांका' (वॉर्नर), 'द शॉप अराउंड द कॉर्नर' (एमजीएम), 'डबल इंडेम्निटी' (पॅरामाउंट), प्रत्येक वेगळ्या स्टुडिओचा. मुद्दाम असं करायचं.

लावण्याआधी पाच मिनिटं सेटिंगला द्या

कंटाळवाणं काम आहे पण करा. १९५३ च्या आधीचे जवळपास सगळे पिक्चर आजच्यापेक्षा कमी रुंद चौकटीचे, रुंदी-उंचीचं प्रमाण १.३७ ला १, म्हणजे आजच्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या यायलाच हव्यात. पट्ट्या नसतील तर टीव्हीने चित्र ताणलंय नाहीतर वरखाली कापलंय, ते आधी नीट करा. मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारं टीव्हीचं सेटिंग, बंद. इंग्लिश सबटायटल्स चालू ठेवा, त्यात कमीपणा काही नाही, कारण 'हिज गर्ल फ्रायडे'मध्ये हॉवर्ड हॉक्सने माणसं मुद्दाम एकमेकांच्या वाक्यावर वाक्य चढवून बोलायला लावलीत आणि तिथे इंग्लिश घरात बोलणाऱ्यालाही काही शब्द सुटतात.

प्रिंट तपासा. कॉपीराइट संपलेल्या पिक्चरच्या धूसर, खरखरत्या आवाजाच्या प्रती नेटवर ढिगाने पडल्यात, आणि अशी प्रत बघून फोटोग्राफीला कमी गुण देणं हा त्या कॅमेरामनवर अन्याय आहे. रिस्टोअर केलेली प्रत मिळेपर्यंत थांबलात तरी चालेल, पिक्चर ऐंशी वर्षं थांबलाय.

क्रेडिट्स स्किप करू नका

त्या काळी नावं सुरुवातीलाच यायची. वहीत किंवा फोनवर चार गोष्टी टिपून घ्या: साल, स्टुडिओ, पटकथा कोणाची, कॅमेरा कोणाचा. दिग्दर्शक तर सगळेच लिहितात, पण या पिक्चरांत तेवढ्याने भागत नाही कारण नट, लेखक, कॅमेरामन सगळे पगारी कॉन्ट्रॅक्टवर होते, साधारण सात वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, आणि कुठला पिक्चर कोणी करायचा हे वर ठरायचं. 'गॉन विथ द विंड'वर नाव व्हिक्टर फ्लेमिंगचं आहे पण आधी जॉर्ज क्यूकर होता, मध्ये सॅम वुडने शूटिंग सांभाळलं, आणि सगळ्यांच्या डोक्यावर निर्माता सेल्झनिक. मग 'दिग्दर्शन उत्तम' असं लिहून नेमकं कोणाचं कौतुक केलं?

पाच मोठे स्टुडिओ होते, एमजीएम, पॅरामाउंट, वॉर्नर, फॉक्स आणि आरकेओ, आणि त्यांची स्वतःची थिएटरं होती, म्हणजे माल आपला आणि दुकानही आपलं. एमजीएमने तर मुंबईत धोबी तलावला १९३८ मध्ये मेट्रो थिएटर बांधलं. अमेरिकेतली ही साखळी तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९४८ च्या निकालाने तोडायला लावली आणि तिथून ही सगळी व्यवस्था उतरणीला लागली. दहा-बारा पिक्चर बघितल्यावर नाव न वाचताही स्टुडिओ ओळखता यायला लागतो, एमजीएमचा चकचकीतपणा, वॉर्नरची घाई आणि रस्त्यावरची भाषा, युनिव्हर्सलची भुतं. ही ओळख पटायला लागली की बघण्याची गोडी दुप्पट होते.

सगळ्यात महत्त्वाचं: साल १९३४ च्या आधीचं की नंतरचं?

प्रॉडक्शन कोड नावाची नियमावली १९३० ला लिहिली गेली पण तिचा दंडुका खरा पडायला लागला १९३४ च्या जुलैपासून, पिक्चर तपासणाऱ्या जोसेफ ब्रीनच्या ऑफिसमधून. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, लग्नाबाहेरचे संबंध आकर्षक दिसता कामा नयेत वगैरे वगैरे. हे १९६८ पर्यंत कागदोपत्री चाललं. त्यामुळे १९३२ चा पिक्चर १९३८ च्या पिक्चरपेक्षा जास्त धीट निघाला तर दचकू नका.

आणि रेटिंग देताना मी इथे सगळ्यात जास्त वेळ घालवते. प्रश्न असा विचारायचा की नियमापुढे पिक्चर नुसता वाकला, की त्या नियमातूनच त्याने काही काढलं? 'डबल इंडेम्निटी' बघा. गुन्हेगाराला शेवटी शिक्षा दाखवणं भाग होतं, तर बिली वाइल्डरने जखमी नायकाची कबुलीच सुरुवातीला ठेवली, म्हणजे हा फसलाय हे आपल्याला पहिल्या काही मिनिटांतच कळतं आणि तरीही पुढे आपण श्वास रोखून बसतो. 'नोटोरियस'मध्ये लांब चुंबनाला आडकाठी होती म्हणून हिचकॉकने ते तुकड्या-तुकड्यांत केलं, मध्ये जेवणाच्या गप्पा, मध्ये फोन, दोघं एकमेकांना सोडतच नाहीत, आणि ते सलग चुंबनापेक्षा कितीतरी जास्त जवळचं वाटतं. याला मी भरभरून गुण देते. उलट जिथे शेवटच्या पाच मिनिटांत नायिकेला उगाच पश्चात्ताप होतो आणि आधीचं सगळं पुसलं जातं तिथे कापते, नियम होता हे माहीत असूनही कापते, कारण दुसऱ्या कोणीतरी त्याच नियमात वाट काढून दाखवलीय.

आता प्रत्यक्ष गुण

दोन आकडे ठेवा. एक पिक्चरचा, म्हणजे त्याने जे करायला घेतलं ते किती जमलं, आणि एक तुमचा, म्हणजे तुम्हाला किती आवडला. दोन्ही पाचपैकी, अर्धा स्टार चालतो. एखादा ४ आणि २ येईल, एखादा २.५ आणि ५, येऊ दे. एकच आकडा मागणाऱ्या ॲपवर दुसरा टाका, पहिला वहीत असू दे.

त्याच रात्री फक्त दोन-तीन ओळी लिहा, आकडा दुसऱ्या दिवशी. लोकांचं सरासरी रेटिंग आधी बघू नका, ते एकदा डोळ्यात बसलं की निघत नाही. एक ठीकठाक पिक्चर ठरवून त्याला ३ द्या आणि बाकीचे त्याच्याशी ताडून बघा, म्हणजे मूड चांगला असला म्हणून सगळ्यांना ४ वाटले जाणार नाहीत. पाच स्टार दुसऱ्यांदा बघितल्याशिवाय नाहीच.

गुण कशाचे कापू नयेत: गाडीच्या काचेमागे पडद्यावर पळणारा रस्ता, स्टुडिओत बांधलेलं पॅरिस, नाटकी उच्चार. ते त्या काळचं साधन होतं. संवाद ढिले असतील, विनोदी पात्र गोष्ट अडवून बसत असेल, वाद्यवृंद प्रत्येक अश्रूला बोट दाखवत असेल तर खुशाल कापा.

स्टुडिओने कात्री लावलेल्यांचं काय? 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स'मधून आरकेओने चाळीसहून जास्त मिनिटं काढली आणि शेवट नवा शूट केला. हळहळ वाटते, पण गुण समोर आहे त्याच पिक्चरला द्यायचे, मनातल्या पिक्चरला नाही.

आणि वंशद्वेषाचं. १९३९ चा 'गंगा दीन' साहसपट म्हणून झकास आहे, पण भारत कॅलिफोर्नियात उभा केलेला, भिश्ती झालाय सॅम जॅफी चेहरा रंगवून, आणि कालीभक्त म्हणजे सगळे खुनी. बघताना राग येतो आणि यायलाच हवा. 'तेव्हा तसंच होतं' म्हणून मी सोडून देत नाही. अपमान एखाद्या प्रसंगापुरता असेल तर नोंद करते, पण गोष्टच त्याच्यावर उभी असेल तर दोन्ही आकड्यांतून गुण जातात.

पुढचा कसा निवडायचा

यादी बाजूला ठेवा आणि एखाद्या माणसाच्या मागे जा. नटी बार्बरा स्टॅनविकपासून सुरुवात करा: 'बेबी फेस' १९३३, कोडचा दंडुका पडायच्या आधीचा, पण सेन्सॉरने कापलेली नको, २००४ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडलेली सुमारे ७६ मिनिटांची आवृत्ती शोधा. मग 'द लेडी ईव्ह' १९४१, मग 'डबल इंडेम्निटी' परत एकदा, आणि या वेळी तुमचं पहिलं रेटिंग खोडू नका, त्याच्या खाली तारीख टाकून नवीन लिहा.