१८ मीटरचा बाजाररस्ता कसा आखावा

विकास आराखड्यात १८ मीटर दाखवलेला रस्ता महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत सापडतो. खाली दुकाने, वर घरे, मधून बस आणि रिक्षा, कडेला भाजीच्या गाड्या. त्याचे काम निघाले की नकाशावर सगळ्यात आधी वाहनांच्या चार मार्गिका पडतात आणि उरेल त्याला पदपथ म्हणतात. क्रम उलटा करा. दुकानाच्या पायरीपासून सुरुवात करून मध्याकडे या.

यात वाहतुकीचे नुकसान होत नाही. चार मार्गिकांतल्या बाहेरच्या दोन उभ्या गाड्यांनीच भरतात, वाहतूक मधल्या दोनांतूनच चालते. शिवाय रस्ता कुठे ८ मीटर आणि कुठे १२ असेल, तरी वाहने जातात ती ८ मीटरच्या हिशेबाने. जादा ४ मीटरांत पार्किंग आणि कोंडी, एवढेच वाढते. म्हणून वाहनांसाठी रुंदी थोडी चालेल, पण ती या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी हवी.

आधी मोजणी

भिंतीपासून भिंतीपर्यंतची रुंदी दर १० मीटरवर आणि जिथे बदलते तिथे घ्या. आराखड्यातले १८ मीटर प्रत्यक्ष ताब्यात असतीलच असे नाही. प्रत्येक दुकानाच्या जोत्याची आणि प्रत्येक फाटकातल्या जमिनीची उंची नोंदवा. हे टाळले, तर पहिल्याच पावसात पाणी दुकानात शिरते. झाडे, खांब, फीडर पिलर (वीज वाटणाऱ्या पेट्या), ट्रान्सफॉर्मर, चेंबरची झाकणे नकाशावर आणा. मग माणसे मोजा: सकाळी, संध्याकाळी ६ ते ९ आणि आठवडी बाजाराच्या दिवशी. लोक रस्ता नेमका कुठून ओलांडतात ते ठिपक्यांनी मांडा. ठिपके दाट असतील तिथेच झेब्रा क्रॉसिंग द्यायचे. ५० मीटर पुढे दिले, तर लोक तिथवर जात नाहीत आणि मग दुभाजकावर जाळ्या बसवाव्या लागतात.

छेद

इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत (आयआरसी १०३) चालण्याची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि व्यापारी भागात २.५ मीटर सांगितली आहे. मोकळी म्हणजे खांब, झाड, पाटी, पायरी यांतले काहीही त्यात येत नाही, आणि डोक्यावर २.२ मीटरपर्यंत फांदी किंवा फलक नाही. त्यावरून असा छेद, म्हणजे रस्त्याच्या रुंदीची वाटणी, बसतो:

डावी बाजू ५.३ मीटर. दुकानालगत १ मीटर पायरी आणि काचेसमोर थांबणाऱ्यांसाठी, २.५ मीटर चालण्यासाठी, १.८ मीटर झाडे, दिवे, बाक आणि विक्रेत्यांसाठी.
मधला रस्ता ६.५ मीटर, ३.२५ च्या दोन मार्गिका. बस जाते, पण मोकळा रस्ता पाहून कोणी सुसाट सुटत नाही.
उजवी बाजू ६.२ मीटर. २.२ मीटर पार्किंग, ०.५ मीटर खांब आणि पाट्या, २.५ मीटर चालण्यासाठी, १ मीटर दुकानालगत.

एखाद्या जागी रुंदी १६ मीटरच मिळाली, तर आधी तिथले पार्किंग काढा. चालण्याच्या २.५ मीटरला हात लावू नका.

पार्किंगची पट्टी सलग ठेवू नका. समांतर उभ्या राहणाऱ्या मोटारीला ५ मीटर लांबी लागते. दर तीन-चार मोटारींनंतर पदपथ पुढे काढून तिथे झाड लावा, नाहीतर रात्री तीच पट्टी गाड्या पळवायची तिसरी मार्गिका होते.

सलगता आणि पाणी

आपल्याकडे पदपथ ओस पडतात त्याचे मोठे कारण अरुंदपणापेक्षा चढउतार हे आहे. दर फाटकाशी खाली उतरा, पुन्हा चढा. गुडघे दुखणारा माणूस दोन फाटकांनंतर रस्त्यावरून चालू लागतो. म्हणून फाटकाशी पदपथ उतरवू नका, गाडीला चढवा. कडेचा दगड रस्त्यापासून १५० मिलिमीटर, त्याहून उंच नको. गाडीचा चढ झाडांच्या किंवा पार्किंगच्या पट्टीतच संपवा. चालण्याची पट्टी सपाट राहील, फक्त पाणी वाहून जाण्यापुरता १:५० चा आडवा उतार तिला द्या.

बाजूच्या गल्लीच्या तोंडाशीही हेच करा. गल्लीचा रस्ता पदपथाच्या पातळीला उचला, माथा किमान ३ मीटर रुंद ठेवा, वाहनांसाठी १:१० चा उतार द्या. १५० मिलिमीटर उंचीला तो दीड मीटर लांब होतो. मुख्य रस्त्यावर, जिथे बस धावते, तिथे उतार १:१५ किंवा त्याहून सौम्य करा. असा उंचवटा कडेने वाहणारे पाणी अडवतो. वरच्या अंगाला पावसाळी गटाराची जाळी बसवल्याशिवाय तो बांधूच नका. उंचवटे पहिल्या पावसाळ्यानंतर उखडले जातात ते अनेकदा या एका चुकीमुळे.

जाळीच्या फटी वाहनांच्या दिशेला आडव्या असाव्यात, उभ्या फटीत सायकलचे चाक अडकते. खाली गाळ साठायला खोलगट चेंबर हवाच, नाहीतर माती आणि प्लॅस्टिक थेट नळीत जाऊन बसते.

डांबराचा जुना थर खरवडल्याशिवाय नवा टाकू देऊ नका. दर थराला ४० ते ५० मिलिमीटर धरले, तर तीन थरांत कडेचा दगड नाहीसा होतो आणि रस्ता दुकानाच्या जोत्यावर येतो.

पदपथाच्या पोटात

केबल आणि जलवाहिन्या झाडे-खांबांच्या पट्टीखाली न्या, त्यांच्या चेंबरची झाकणेही तिथेच ठेवा. शिवाय रस्त्याच्या आडव्या काही रिकाम्या नळ्या आधीच टाकून ठेवा, म्हणजे नवी केबल टाकायला नवा रस्ता फोडावा लागत नाही. बंगळुरूत टेंडरशुअर योजनेतल्या रस्त्यांवर वाहिन्या अशाच पदपथाखाली नेल्या आहेत.

पेव्हर ब्लॉक खचतात तेव्हा दोष सहसा ब्लॉकचा नसतो. खणलेला चर भरताना थराथराने दाबलेला नसतो. आयएस १५६५८ या पेव्हर ब्लॉकच्या भारतीय मानकाप्रमाणे फक्त माणसे चालतात तिथे ५० मिलिमीटरचा एम ३० ब्लॉक चालतो (एम म्हणजे काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा). गाड्या चढतात त्या फाटकांपुढे मात्र ८० मिलिमीटरचा एम ४० घ्या, सगळीकडे एकच ब्लॉक वापरू नका.

दृष्टिहीनांसाठीची ३०० मिलिमीटरची पट्टी सरळ न्या. उभ्या रेघांची फरशी वाट दाखवते, ठिपक्यांची फरशी थांबायला सांगते. चेंबरला वळसा घालत नागमोडी नेलेली किंवा खांबावर जाऊन थांबणारी पट्टी नसलेलीच बरी. तिच्यावर विश्वास ठेवणारा माणूस आपटतो.

विक्रेते

२०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार जागा ठरवण्यात नगर पथविक्रेता समितीचा सहभाग असतो. नकाशा तिच्यापुढे आधी ठेवा, काम संपल्यावर नव्हे. १ मीटर रुंदीची हातगाडी रस्त्याला समांतर उभी केली, की १.८ मीटरच्या पट्टीत गिऱ्हाइकाला ०.८ मीटर उरतात आणि चालणारा अडत नाही. जवळ पाण्याचा नळ, कचऱ्याचा डबा आणि दिवा द्या. विक्रेत्यांना आखणीत जागा दिली नाही, तर ते जाणार नाहीत, चालण्याच्या पट्टीत बसतील. आणि त्यांच्यामुळेच रात्री साडेनऊला त्या रस्त्यावरून एकट्या बाईला निर्धास्त जाता येते, हेही विसरू नका.

कोपरे आणि ओलांडणे

चौकात वळणाची त्रिज्या लहान ठेवा, गल्लीशी ४ मीटर पुरेशी आहे. १० मीटरच्या कोपऱ्यावर मोटार वेग न कमी करता वळते आणि ओलांडायचे अंतरही वाढते. अग्निशमन गाडी वळेल का, ही शंका येणारच. तिला वळताना समोरची मार्गिका वापरता येते. तरी प्रत्यक्ष गाडी आणून वळवून पाहा.

क्रॉसिंगशी पार्किंग थांबवून पदपथ पुढे काढा. ओलांडायचे अंतर ८.७ वरून ६.५ मीटरवर येते आणि उभ्या गाडीआडून अचानक पुढे येणारे मूलही चालकाला आधीच दिसते. सिग्नलची वेळ काढताना सर्वसाधारण चाल सेकंदाला १.२ मीटर धरतात. बाजारात आजी-आजोबा, पिशव्या, कडेवर मुले असतात, तेव्हा ०.८ धरा: ६.५ मीटरला साधारण ८ सेकंद. चाल सुरू करायला आणखी काही सेकंद जोडा.

पदपथावर दुचाक्या चढू नयेत म्हणून खांब लावतात. चाकाची खुर्ची जाईल एवढी, म्हणजे किमान ०.९ मीटर फट ठेवली, की दुचाकीही जातेच. फट बुजवणे हा उपाय नव्हे, त्याने खुर्चीवाला अडकतो. दुचाक्या का चढतात ते शोधा. बहुधा दुभाजकातली वळायची जागा फार दूर असते आणि लोक उलट्या दिशेने येतात. ती जागा जवळ आणा, मग पोलिसांनी दंड करावा.

दगड बसवण्याआधी

पुणे महापालिकेने २०१६ साली रस्तेआखणीची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. जंगली महाराज रस्त्याचा नवा पदपथ जाऊन पाहा. तो रस्ता एकेरी आणि बराच रुंद आहे, त्याची मापे उचलू नका. बाक, झाडे आणि चालण्याची पट्टी एकमेकांना कशी जोडली आहेत ते बघा. मग आपल्या रस्त्यावर चुन्याची रेघ, पिंपे आणि कुंड्या मांडून नवा छेद आठवडाभर चालवा. बस वळते का, टेम्पो माल कुठे उतरवतो, रिक्षा कुठे थांबतात, हे तेव्हाच कळते. मालासाठी सकाळी ठरावीक तास आणि पार्किंगच्या पट्टीतच जागा द्या.

ठेकेदाराच्या करारात पहिल्या पावसाळ्याची पाहणी लिहून घ्या. मोठी सर येऊन गेल्यावर तासाभराने रस्ता पायी फिरा. पाणी साचले असेल तिथे खडूने खूण करा, फोटो घ्या, आणि तेवढ्या जागा दुरुस्त झाल्याशिवाय अंतिम बिलावर सही करू नका.