थंडीतलं सायकल ट्रेनिंग कसं आखायचं (म्हणजे सीझनला खरंच स्पीड वाढेल)

माझे पहिले दोन हिवाळे फुकट गेले. सायकल घरात पडून होती असं नाही, उलट आठवड्याचे पाच दिवस चालवत होतो, पण प्रत्येक राईड एकाच जोराची, घाम निघेल, पाय भरून येतील, घरी आल्यावर काहीतरी केल्यासारखं वाटेल अशी. सीझन आला आणि ग्रुपने मला त्याच चढावर सोडलं जिथे आदल्या वर्षी सोडलं होतं. तिसऱ्या हिवाळ्यात बऱ्याचशा राईड मुद्दाम हळू केल्या, आणि त्या वर्षी तो चढ मी ग्रुपबरोबर पार केला. म्हणून इथे हळू चालवण्यावर जरा जास्तच बोलणार आहे, लोक अडकतात ते तिथेच.

पहिलं काम: तारीख पकडा आणि उलटं मोजा

तुमची मुख्य रेस किंवा मोठी राईड कधी आहे ती तारीख लिहा आणि तिथून मागे १६ आठवडे मोजा. पहिले ८-९ आठवडे बेस (हळू राईडचा पाया), मग ५-६ आठवडे बिल्ड (जोराचं काम), शेवटचा दीड-एक आठवडा टेपर (तास कमी करून पाय ताजे करणं). हातात १२ च आठवडे असतील तर सगळंच थोडं थोडं आखडा, पण बेस उडवून थेट इंटरव्हलवर (ठरावीक मिनिटं जोर, मग आराम) जाऊ नका. तीन आठवडे लोड वाढवला की चौथा आठवडा हलका, म्हणजे तास साधारण ४० टक्क्यांनी कमी. वय चाळिशीपार असेल किंवा झोप नीट होत नसेल तर दोन आठवड्यांनंतरच हलका आठवडा घ्या, त्यात कमीपणा काही नाही, शरीर सुधारतं ते आरामातच.

मग टेस्ट

पॉवर मीटर (पायांचा जोर वॉटमध्ये मोजणारं यंत्र) किंवा स्मार्ट ट्रेनर (सायकल बसवून घरातच चालवायचं यंत्र) असेल तर २० मिनिटांची एफटीपी टेस्ट करा; एफटीपी म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल एवढी पॉवर. चांगला वॉर्मअप, त्यात ५ मिनिटं जोरात, थोडा आराम, मग २० मिनिटं जेवढं समान ताणता येईल तेवढं, आणि त्या ॲव्हरेजचे ९५ टक्के म्हणजे तुमचा एफटीपी. २१० वॉट आले तर एफटीपी साधारण २००. २० मिनिटांतल्या पहिल्या ५ मिनिटांतच जोर करून बसलात तर टेस्ट गेली, म्हणून सुरुवातीला हात आखडता ठेवा. दर ६-८ आठवड्यांनी तीच टेस्ट त्याच सायकलवर, त्याच मीटरवर. मीटर नसेल तरी अडत नाही, बोलण्यावरून कळतं: सलग वाक्यं बोलता येतायत तर इझी, तीन-चार शब्दांवर धाप लागते तर थ्रेशोल्डच्या, म्हणजे एफटीपीच्याच, आसपास.

बेस, म्हणजे खरं काम

एफटीपी २०० असेल तर झोन २, म्हणजे हळू राईडचा पट्टा, ११२ ते १५० वॉट. ऐकायला सोपं वाटतं ना, करून बघा. सपाटीवर १४० वर मस्त चाललेलं असतं, छोटासा चढ येतो आणि मीटरवर २२० कधी झाले कळतही नाही, वरून कोणीतरी शेजारून पुढे निघून जातो आणि पाय आपोआप त्याच्या मागे लागतात. तिथेच थांबायचं. सगळ्यात हलका गिअर टाका, त्याला जाऊ द्या. या हळू तासांमध्ये स्नायूंमधली मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) वाढतात, बारीक रक्तवाहिन्या वाढतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं आणि शरीर चरबी जाळायला सरावतं, आणि हे सगळं आठवडेच्या आठवडे करता येतं कारण दुसऱ्या दिवशी पाय मेलेले नसतात. स्टीफन सायलर या संशोधकाने टॉपचे एन्ड्युरन्स खेळाडू कसं ट्रेनिंग करतात ते तपासलं तेव्हा त्यांची साधारण ८० टक्के सेशन हलकी निघाली. आपल्याला आठवड्याला सहाच तास मिळत असतील तर तो आकडा काटेकोर धरायची गरज नाही, पण आठवड्यात दोनच दिवस कठीण आणि बाकीचे खरोखर सोपे, एवढं पाळाच. बेसमध्ये त्या दोनपैकी एक दिवस एफटीपीच्या ८८-९४ टक्क्यांवर ३ वेळा १० मिनिटं करा, दुसरा दिवस जिमचाच धरला तरी चालेल.

बेस बनतोय की नाही हे बघायची माझी आवडती पद्धत सांगतो. दोन तास सपाटीवर एकाच पॉवरला, समजा १४५ वॉटला चालवा आणि पहिल्या तासाचा हार्ट रेट दुसऱ्याशी ताडून बघा. सुरुवातीला माझा १३२ वरून १४१ वर चढायचा, म्हणजे पॉवर तीच पण हृदयाला काम जास्त. दीड-दोन महिन्यांनी १३० आणि १३४. हा फरक ५ टक्क्यांच्या आत आला की बेस जमला समजा. ट्रेनरवर पंखा नसेल किंवा पाणी कमी प्यायलात तर आकडा उगाच वाढतो, तेवढं लक्षात ठेवा.

आणि प्लीज, थंडीत ॲव्हरेज स्पीड बघून खचू नका. ० अंशाची हवा ३० अंशाच्या हवेपेक्षा साधारण ११ टक्के जड असते, टायर थंडीत कडक होतात, अंगावर जाड कपडे असतात. त्याच पॉवरला सायकल हळूच चालणार. वॉट बघा नाहीतर श्वास बघा, किलोमीटर नाही.

जिम

आठवड्यातून दोनदा. स्क्वॉट, डेडलिफ्ट, एका पायाचे स्प्लिट स्क्वॉट, काफ रेज, बास. पहिले २-३ आठवडे हलकं वजन, १२-१५ रेप्स, फॉर्म पक्का करा, मग हळूहळू जड, ४-६ रेप्सचे ३ सेट. नॉर्वेचे संशोधक बेंट रोनेस्टाड यांनी सायकलपटूंवर या जड वजनाच्या ट्रेनिंगचा बराच अभ्यास केलाय आणि परफॉर्मन्समध्ये फायदा दिसलाय, त्यामुळे मांड्या जाड होतील या भीतीने टाळू नका. जिम शक्यतो कठीण राईडच्याच दिवशी संध्याकाळी ठेवा, नाहीतर सोपा दिवस सोपा राहतच नाही. बिल्ड सुरू झालं की आठवड्यातून एकदाच.

ट्रेनरबद्दल थोडंच: मोठा पंखा आधी घ्या, बाकी सगळं नंतर. पायडल थांबवायला उतार नसतो त्यामुळे ट्रेनरचा एक तास बाहेरच्या एका तासापेक्षा जड जातो. अर्ग मोडमध्ये (यात ट्रेनर वॉट ठरलेलेच ठेवतो) केडन्स, म्हणजे पायडल फिरवण्याचा वेग, पडला की रेझिस्टन्स वाढत जातो आणि पाय अडकतात, म्हणून थकवा जाणवायला लागला की पाय आणखी भरभर फिरवा, मिनिटाला ९० फेऱ्यांच्या आसपास.

बिल्ड

आता जोर. आधी थ्रेशोल्ड: एफटीपीच्या ९५-१०० टक्क्यांवर ३ वेळा १० मिनिटं, पुढच्या आठवड्यात ३ वेळा १२, मग २ वेळा २०. २ वेळा २० मध्ये पहिली आठ मिनिटं वाटतं की वॉट चुकून कमी लावलेत, तेव्हा वाढवू नका. बाराव्या मिनिटाला खांदे वर यायला लागतात, ग्रिप घट्ट होते, तिथे खांदे सोडा आणि श्वास लांब सोडा, पुढची आठ मिनिटं निघतात. शेवटच्या तीन आठवड्यांत एक दिवस ४ वेळा ४ मिनिटं, ११० टक्क्यांच्या आसपास, मध्ये ३-४ मिनिटं आराम. शेवटचं रिपीट पहिल्याच्या जवळपास जमलं नाही तर पुढच्या वेळी ५ वॉट कमी लावा. कठीण दोन दिवसांच्या मध्ये किमान एक सोपा दिवस हवाच, मी मंगळवार-गुरुवार करतो, रविवारी लांब हळू राईड, सोमवारी सुट्टी.

दीड तासाच्या वर राईड असेल तर ताशी ३० ते ६० ग्रॅम कार्ब्स खा, थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणीही विसरतं. सकाळचा रेस्टिंग हार्ट रेट दोन-तीन दिवस ७-८ ने वर असेल, झोप बिघडली असेल, चिडचिड होत असेल तर इंटरव्हल रद्द. ताप आला तर सायकलच रद्द. आणि हुकलेलं सेशन दुसऱ्या दिवशी भरून काढायला जाऊ नका, ते गेलं.

टेपर

शेवटचे ८-१० दिवस तास निम्म्यावर आणा पण जोर काढून टाकू नका, छोटे छोटे इंटरव्हल चालू ठेवा. या दिवसांत पाय विचित्र जड वाटतात, घाबरून फिटनेस तपासायला मोठी राईड काढू नका. आदल्या दिवशी ४० मिनिटं हलकं, त्यात एकेक मिनिटाचे तीन जोर, घरी येऊन टायरची हवा आणि चेन बघा आणि लवकर झोपा.