जुनी दुचाकी डीलरला विकताय? आधी तिच्यावरून आपलं नाव उतरवा

जुनी गाडी विकायची म्हटलं की जो तो भावाबद्दल सल्ला देतो. धुऊन-पुसून ठेवा, नवं सीट कव्हर टाका, पहिला आकडा समोरच्याला बोलू द्या. हे सल्ले देणाऱ्यांपैकी एकानेही मला कधी विचारलं नाही की गाडी गेल्यावर तिच्यावरचं तुझं नाव कधी गेलं. घरच्या आणि नात्यातल्या मिळून आजवर अकरा दुचाक्या मी विकून दिल्या आहेत. त्यातल्या एका गाडीने मला दीड वर्ष छळलं. तिच्या भावाबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती, उलट पाचशे रुपये जास्तच मिळाले होते.

कागद

आरसी, विमा, पीयूसी एकत्र काढून ठेवा. थकलेली ई-चलनं भरून टाका. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवून घ्या. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, अजून दिसतो का, ते बघा. दिसत असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन तो आधी उतरवा. बोजा असलेल्या गाडीचं पुढचं काहीही हलत नाही.

जाहिरात टाकली की फोन

जाहिरातीला स्वतःचा रोजचा नंबर देऊ नका. घरात जुनं सिम पडलेलं असेल तर ते वापरा. पहिल्या तासात जे फोन येतात त्यातले निम्म्याहून अधिक डीलरांचे असतात, "भाऊ, आत्ताच उचलतो, कॅश देतो" असे. ते ठीक आहेत, तुम्ही जाहिरात दिली म्हणून आले. पण एखादा माणूस गाडी न बघताच सौदा पक्का करतो, आपण फौजेत आहोत, बदलीवर निघालोय असं सांगतो आणि पैसे पाठवायला क्यूआर कोड धाडतो, तेव्हा फोन ठेवून द्या. पैसे मिळवायला कोणालाही कोड स्कॅन करावा लागत नाही की पिन टाकावा लागत नाही. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा.

गाडी विकली गेल्यानंतरही महिनोन्‌महिने कर्ज, नवी गाडी, विमा घ्या म्हणून फोन येत राहतात. त्यांच्याशी भांडत बसू नका, १९०९ वर तक्रार टाका. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम बदलले, त्यानंतर फोन आल्यापासून सात दिवसांत तक्रार करता येते, आधी तीनच दिवस मिळायचे. साध्या दहा आकडी नंबरवरून धंद्याचे फोन करणाऱ्याविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या की मोबाईल कंपनीला कारवाई करावी लागते. मी तर तक्रार टाकतोच, शेजाऱ्यालाही टाकायला लावतो.

दुकानात शिरताच मागायची गोष्ट

चहा येण्याआधी, भाव बोलण्याआधी एकच विचारा: "भाऊ, तुमचं २९-बी दाखवता का?"

जुन्या गाड्यांचा धंदा पूर्वी नुसत्या पाटीवर चालायचा. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. तेच फॉर्म २९-बी. ते पाच वर्षं चालतं, म्हणून तारीख वाचा. अधिकारपत्रावरचं नाव आणि पत्ता दुकानाच्या पाटीशी जुळतो का, तेही बघा. एका दुकानात मला मेहुण्याच्या दुकानाचं पत्र दाखवलं होतं, तेसुद्धा मोठ्या अभिमानाने.

"बारा वर्षांपासून धंदा करतो भाऊ, कागदाचं काय घेऊन बसले" असं उत्तर आलं, तर नमस्कार करून उठा. नियम आल्यावरही अधिकारपत्र घेतलं नाही, याचीच ती कबुली असते.

खरी गोम: कोऱ्या सह्या आणि २९-सी

इथे मी सावकाश सांगणार आहे, कारण माझं हात पोळणं इथेच झालं.

वडिलांनी घेतलेली आणि नंतर माझ्या नावावर आलेली मोटरसायकल मी २०१८ मध्ये नागपुरात सक्करदऱ्याकडच्या एका दुकानात विकली. दुकानदार गोड माणूस. त्याने गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० पुढे सरकवले, कोरे. "इथे सह्या मारा, बाकी टेन्शन नोका घेऊ, गिऱ्हाईक आलं की आम्हीच नावावर करतो." मी सह्या मारल्या, आरसी दिली, पैसे मोजले, तर्री-पोहे खाऊन घरी आलो. पावती घेतली नाही. मागायचं सुचलंही नाही.

धंद्यात याला 'ओपन पेपर' म्हणतात. घेणाऱ्याच्या नावाची जागा रिकामी ठेवलेला कागद एका डीलरकडून दुसऱ्याकडे फिरतो, गाडीही फिरते, मधल्या कोणाचंच नाव कुठे लागत नाही. डीलरला यात फायदाच आहे. आधी स्वतःच्या नावावर आणि मग गिऱ्हाइकाच्या नावावर, असं दोनदा करण्याचा खर्च आणि वेळ वाचतो. तोटा फक्त आरसीवर ज्याचं नाव आहे त्याचा.

२०१९ मध्ये चलनं यायला लागली. एक हेल्मेटचं, एक सिग्नलचं, परत हेल्मेटचं. दुकानात गेलो तर तिथे चायनीजची गाडी उभी होती, दुकानदाराचा फोन बंद. शेवटी चलनावरच्या फोटोनेच सोडवलं. फोटोत माझ्या गाडीला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन लटकत होते, जागा काटोल नाका, वेळ सकाळी सव्वासहाची. दोन सकाळी मी तिथल्या टपरीवर चहा पीत बसलो, तिसऱ्या दिवशी गाडी आली. कळमेश्वरकडून दूध घालायला येणारे काका. मला वाटलं होतं भांडण होणार. त्यांनीच हात जोडले. नावावर करून देतो म्हणून त्या दुकानदाराने त्यांच्याकडून वेगळे पैसे घेतले होते आणि तेही त्याला वर्षभर शोधत होते. आम्ही दोघं मिळून आरटीओत गेलो, चलनं वाटून भरली, आणि सगळं निस्तरेपर्यंत पहिल्या सहीपासून दीड वर्ष उलटलं होतं.

चलनांवर भागलं, हे माझं नशीब. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१८ मध्ये 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या प्रकरणात साफ सांगितलं आहे की नोंदणीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. त्या प्रकरणातली गाडी २००७ मध्ये विकलेली होती, पुढे हातोहाती फिरत गेली आणि २००९ मध्ये अपघात झाला. तरी भरपाई आली ती जुन्या मालकाच्याच गळ्यात, कारण कागदावर गाडी त्याचीच होती. "मी तर कधीच विकली" हे वाक्य तिथे चाललं नाही. तुमच्याकडे पावती असली तरी ती घेणाऱ्याशी भांडायला उपयोगी पडते, जखमी माणसाला तिच्याशी देणंघेणं नसतं.

आता २९-सी. अधिकारपत्र असलेल्या डीलरला गाडी देताना मालक आणि डीलर दोघांनी मिळून परिवहनच्या पोर्टलवर ही सूचना भरायची असते: अमुक नंबरची गाडी मी अमुक डीलरच्या ताब्यात दिली. ती दाखल झाली की पोचक्रमांक मिळतो आणि तिथून पुढे, गिऱ्हाईक मिळेपर्यंत, गाडीची जबाबदारी डीलरवर जाते. कायद्याच्या नजरेत मालक तोच धरला जातो. नूतनीकरण, दुय्यम आरसी, ना-हरकत, पुढच्या माणसाच्या नावावर करणं, हे सगळं तोच करू शकतो. म्हणजे तुमच्या कोऱ्या सह्यांची त्याला गरजच उरत नाही. ताब्यातली गाडी घेऊन त्याने गावभर हिंडायचंही नसतं. गिऱ्हाइकाला चालवून दाखवणं, दुरुस्ती, तपासणी अशा कामांसाठीच ती रस्त्यावर आणायची आणि प्रत्येक फेरीची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवायची.

यातली अडचण अशी की अधिकारपत्र असलेले काही डीलरसुद्धा २९-सी भरायची टाळाटाळ करतात. मला ऐकवलेली कारणं: सर्व्हर डाऊन आहे, आज मुलगा आला नाही, संध्याकाळी करून व्हॉट्सॲप करतो. माझा नियम ठरलेला आहे. पोचक्रमांक माझ्या मोबाईलवर येईपर्यंत गाडीची चावी माझ्या खिशात. सर्व्हर खरंच डाऊन असेल तर गाडी घेऊन परत यायचं, उद्या जायचं. मानेवाड्याच्या एका डीलरकडे मी तीनदा चकरा मारल्या, चौथ्या दिवशी सर्व्हर चालला. तिन्ही दिवस शेजारच्या दुकानातलं नेट ठणठणीत होतं, हे सांगितलं पाहिजे.

ओटीपीबद्दल एक ताकीद. ही कामं तुमच्या मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीने होतात, म्हणून कोणी सहज म्हणतं, "एक ओटीपी आला असेल, सांगा बरं." स्क्रीन तुमच्यासमोर फिरवून घ्या, कशासाठीचा ओटीपी आहे ते वाचा, मग स्वतः टाका. गाडीला जोडलेला मोबाईल नंबर बदलून डीलरचा लावायची गळ घातली, तर आधी २९-सी, मग बोलू. त्याच्या नंबरवर ओटीपी जायला लागले की तुमच्या नावाने काय काय होतंय, ते तुम्हाला कळणारच नाही.

आणि कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. भाव पडला तरी चालेल, पण करू नका. डीलर चिडला तर चिडू द्या.

डीलरकडे अधिकारपत्र नसेल आणि तरी त्यालाच द्यायची असेल

माझं मत विचाराल तर देऊ नका. पण भाचीच्या स्कूटीच्या वेळी मीच दिली होती, कारण भाव चांगला होता. तेव्हा एकच रस्ता उरतो: डीलर फक्त दलाल, व्यवहार थेट खऱ्या गिऱ्हाइकाशी. फॉर्म २९ आणि ३० वर गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता सही करण्याआधी लिहिलेला पाहिजे. मग दोघांनी मिळून अर्ज टाकायचा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत, गाडी दुसऱ्या राज्यात जात असेल तर ४५ दिवसांत, आरटीओला कळवायचं असतं. घेणाऱ्याला ३० दिवस. लोक समजतात हे घेणाऱ्याचंच काम. तसं नाही. फॉर्म २९ दोन प्रतींत भरा, एक आरटीओत द्या, दुसरीवर पोच घ्या. जाणं जमत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. आपल्याकडे नागपुरात एमएच ३१, ४० आणि ४९ असे आरटीओचे तीन कोड आहेत, म्हणून कागद बरोबर कार्यालयात जातोय ना, ते बघा. या पोचेने नाव उतरत नाही, पण तुम्ही गप्प बसला नव्हता एवढं तरी सिद्ध होतं.

गाडी हातात देताना

पावतीवर तारीख आणि मिनिटांसकट वेळ, किलोमीटरचं रीडिंग, चेसिस नंबर. दोघांच्या सह्या. आधारची प्रत देताना त्यावर आडवं लिहा: "फक्त अमुक नंबरच्या गाडीच्या विक्रीसाठी", खाली तारीख. पैसे बँकेत घ्या. डिकी उघडून बघा. माझ्या काकूंची घराची किल्ली एकदा डिकीतच गेली होती.

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि नो क्लेम बोनसचं पत्र मागून घ्या. तो बोनस तुमचा असतो, गाडीचा नव्हे. पुढची गाडी तीन वर्षांच्या आत घेतली तर तिच्या विम्यात वापरता येतो. डीलर याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

नंतर

महिनाभराने एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाका. मालकाचं नाव तारकांनी झाकलेलं दिसतं, पण मधली अक्षरं आपली आहेत की दुसऱ्याची, ते ओळखू येतं. आपलीच असतील तर डीलरला फोन, दर आठवड्याला. तीन महिन्यांनी ई-चलनाच्या साईटवर त्याच नंबरने एकदा शोधा. चलन निघालंच तर भरायच्या आधी त्याचा फोटो नीट बघा, तारीख २९-सीच्या नंतरची असेल तर पोचक्रमांक जोडून तिथेच तक्रार टाका.

दूधवाले काका अजून तीच गाडी चालवतात. आता हेल्मेट घालून.