निवडणूक आयुक्तांची नेमणूक आणि आयोगाचा निःपक्षपातीपणा: सोलापुरात बसून कसं तपासायचं

"निवडणूक आयोगाकडे तक्रार करतो" असं कुणी म्हणालं की आधी विचारायचं, कोणत्या आयोगाकडे? सोलापूर महापालिका, जिल्हा परिषद, पंचायत समित्या आणि ग्रामपंचायती यांच्या निवडणुका मुंबईतला राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्याचा आयुक्त राज्यपाल नेमतात. करमाळ्यापासून माळशिरसपर्यंतचे जिल्ह्यातले अकरा विधानसभा मतदारसंघ आणि सोलापूर व माढा या लोकसभेच्या जागा भारत निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत येतात. गोंधळ होतो तो मतदार यादीमुळे. विधानसभेची यादी भारत निवडणूक आयोगाची असते. राज्य आयोग तीच फोडून प्रभागांच्या याद्या करतो. म्हणजे यादीत नावच नसेल तर एक दार आणि नाव शेजारच्या प्रभागात जाऊन पडलं असेल तर दुसरं. चुकीच्या दारात दिलेला अर्ज महिनाभर फिरून परत येतो, तोवर हरकतींची मुदत संपलेली असते.

इथून पुढचं सगळं भारत निवडणूक आयोगाबद्दल आहे.

नेमणूक तपासायची म्हणजे माणूस कसा आहे यावर चर्चा करायची नाही. कागद कुठून कुठे गेला ते बघायचं. घटनेच्या कलम ३२४ प्रमाणे नेमणूक राष्ट्रपती करतात, संसदेने केलेल्या कायद्याला धरून. असा कायदाच सत्तरहून अधिक वर्षं नव्हता, सरकार नाव सुचवायचं आणि सही व्हायची. २ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अनुप बरनवाल खटल्यात सांगितलं, की कायदा होईपर्यंत पंतप्रधान, लोकसभेतले विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश यांच्या समितीने नावं सुचवावीत. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने कायदा केला आणि सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नेमलेला केंद्रीय मंत्री आला. २ जानेवारी २०२४ पासून तो लागू आहे. त्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं, पण २१ मार्च २०२४ रोजी स्थगिती नाकारली गेली.

कायदा छोटा आहे, तासाभरात वाचून होतो. चार कलमांवर पेन्सिलीने खूण करा. कलम ६: कायदामंत्री आणि सचिव दर्जाचे दोन अधिकारी यांची शोध समिती पाच नावांची यादी करते. कलम ७: त्रिसदस्य निवड समिती. इथे सरकारकडची मतं दोन आणि विरोधी पक्षनेत्याचं एक, त्यामुळे विरोधी मताने नेमणूक अडत नाही. शिवाय समितीत जागा रिकामी असली तरी तेवढ्या कारणाने नेमणूक बाद ठरत नाही, हेही त्याच कलमात आहे. कलम ८: निवड समितीला पाच नावांच्या बाहेरचं नावही घेता येतं. या एका वाक्याने शोध समितीची यादी ऐच्छिक होऊन जाते, आणि चर्चेत नेमकं तेच सुटतं. कलम ९: मुदत सहा वर्षं किंवा वयाची पासष्टी, जे आधी येईल ते, पुनर्नियुक्ती नाही.

मुदतीचा हिशेब प्रत्येक नेमणुकीला स्वतः करून पाहा. पात्रतेची अट सचिव दर्जाची. सचिव साधारण साठीला निवृत्त होतो, म्हणजे हातात उरतात जेमतेम पाच वर्षं. ज्ञानेश कुमार मार्च २०२४ मध्ये आयुक्त झाले, फेब्रुवारी २०२५ मध्ये मुख्य आयुक्त. जानेवारी २०२९ मध्ये पासष्टी, म्हणून सगळी मिळून पाच वर्षंही भरत नाहीत. वयाची अट ठेवून सहा वर्षांचं आश्वासन देणं ही कागदावरची उदारता आहे. घटनापीठानेही छोट्या मुदतींवर नेमकं बोट ठेवलं होतं.

मग तारखा. जागा कधी रिकामी झाली, शोध समितीची यादी कधी तयार झाली, ती सदस्यांच्या हाती कधी पडली, बैठक कधी आणि अधिसूचना कधी, या पाच तारखा एका ओळीत लिहिल्या की निम्मं चित्र दिसतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये सनदी अधिकारी अरुण गोयल यांची सरकारी सेवेतून स्वेच्छानिवृत्ती १८ तारखेला आणि आयुक्तपदी नेमणूक १९ तारखेला. या घाईवर न्यायालयाने प्रश्न विचारले. मार्च २०२४ च्या बैठकीनंतर समितीतले विरोधी सदस्य अधीर रंजन चौधरी म्हणाले, की २१२ नावांची यादी आदल्या रात्री मिळाली आणि निवडक सहा नावं बैठकीच्या दहा मिनिटं आधी. एका रात्रीत दोनशेवर नावं कुणी कशी तपासायची?

या तारखा आपणहून कुणी सांगत नाही, त्या माहिती अधिकारात मागाव्या लागतात. अर्ज आयोगाकडे टाकू नका. नेमणुकीची फाईल केंद्रीय कायदा मंत्रालयाच्या विधायी विभागात असते. ऑनलाइन फी १० रुपये. टपालाने पाठवायचा तर मुख्य टपाल कार्यालयातून १० रुपयांची पोस्टल ऑर्डर घ्या आणि ती 'अकाउंट्स ऑफिसर'च्या नावे करा. मजकूर ५०० शब्दांच्या आत. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६ प्रमाणे आपल्याकडून मराठीतही अर्ज करता येतो, पण दिल्लीतल्या टेबलावर तो भाषांतराच्या नावाखाली पडून राहतो. हिंदीत केलात तर लवकर हलतो.

प्रश्न असे लिहा: "अमुक तारखेच्या अधिसूचनेसंदर्भात निवड समितीच्या बैठकीच्या नोटिशीची, इतिवृत्ताची आणि सदस्याने मतभेदाची टीप दिली असल्यास तिची प्रत द्यावी. शोध समितीची यादी निवड समितीच्या सदस्यांना पाठवल्याच्या पत्राची प्रत द्यावी." 'का' हा शब्द अर्जात नको. "यांनाच का नेमलं?" असं विचारलं की उत्तर येतं, ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही. वैयक्तिक माहिती म्हणून नकार येईल हे धरून चाला. म्हणून आधीच लिहून ठेवा, की माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० प्रमाणे तेवढा भाग झाकून बाकीची प्रत द्यावी.

नेमणुकीनंतरचं अर्धं काम म्हणजे आयुक्त खुर्चीत किती पक्का आहे ते पाहणं. मुख्य आयुक्ताला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासारखंच काढावं लागतं: दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश. आयोगातल्या बाकी दोन आयुक्तांना मुख्य आयुक्ताच्या शिफारशीशिवाय काढता येत नाही, पण त्यांना संसदेचं कवच नाही. मतभेद झाला तर निर्णय बहुमताने होतो, आणि तिघांची मतं सारख्याच वजनाची. २०१९ मध्ये आचारसंहितेच्या तक्रारींवर तेव्हाचे आयुक्त अशोक लवासा यांचं मत वेगळं पडलं. आयोगाने ते फाईलमध्ये ठेवलं, आदेशात छापलं नाही. आदेश हाती आला की त्यात एकमत होतं की बहुमत, हे त्यावरून कळेलच असं नाही.

आता न चालणाऱ्या वाटा. सदर बझार पोलीस ठाण्यात आयुक्तांवर गुन्हा नोंदवायला जाण्यात अर्थ नाही. पदावर असताना केलेल्या कामासाठी त्यांच्यावर दिवाणी वा फौजदारी खटला घेऊ नये, असं २०२३ च्या कायद्याचं कलम १६ सांगतं. निकालावर शंका असेल तर गावपातळीवर पुन्हा मतदान घेऊनही काही सिद्ध होत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने मतपत्रिकेवर तसा प्रयत्न करायचं ठरवलं तेव्हा प्रशासनाने जमावबंदी लावली. लोकांची अस्वस्थता खरी होती, रस्ता मात्र कायद्यात नव्हता. कायद्यातला रस्ता म्हणजे उच्च न्यायालयात निवडणूक याचिका: निकालापासून ४५ दिवसांत, २,००० रुपये अनामत भरून, उमेदवाराने किंवा त्या मतदारसंघातल्या मतदाराने. त्यासाठी मतदान संपताच केंद्राध्यक्षाकडून मतदान प्रतिनिधीला मिळणारी फॉर्म १७-सी ची, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत जपून ठेवावी. बहुतेक पक्षांचे कार्यकर्ते ती घेतच नाहीत, किंवा घेऊन हरवतात.

माहिती अर्जाला ३० दिवसांत उत्तर नाही आलं, किंवा नकार आला, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच विभागात पहिलं अपील करायचं, त्याला फी नाही. तिथेही काम झालं नाही तर ९० दिवसांच्या आत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं अपील. सुनावणीला दिल्ली गाठावी लागत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या एनआयसीच्या (सरकारी संगणक केंद्राच्या) खोलीतून व्हिडिओवर हजर राहता येतं. जाताना मूळ अर्ज, पोचपावती आणि नकाराचं पत्र यांचे दोन संच न्या.