शेंग फोडतो तसा अवघड शब्द फोडायचा

अकरावी सायन्सची पोरं संध्याकाळी माझ्याकडं शिकायला येतात, बहुतेक दहावीपर्यंत मराठी मिडियमची, कुणाच्या घरी कन्नड कुणाच्या घरी तेलुगू, आणि पुस्तकात लांबलचक इंग्रजी शब्द आला की वाचता वाचता आवाज एकदम खाली जातो. पेपर चांगला लिहितात पण व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, गप्प. म्हणून पहिल्या दिवशी मूठभर शेंगा पुढ्यात ठेवतो आणि फळ्यावर शेंगदाण्याचं शास्त्रीय नाव इंग्रजी अक्षरांत लिहितो, Arachis hypogaea, म्हणजे ॲरकिस हायपोजीया. आपल्या सोलापुरी शेंगाचटणीतला दाणा तोच.

स्पेलिंग बघून पोरं म्हणतात अराचिस हायपोगाइया. इथंच थांबायचं, कारण या एका नावात बरंच काही आहे. ग्रीकमधून आलेल्या शब्दात सी-एच दिसला की बहुतेक वेळा क म्हणायचा, क्लोरोफिल, केऑस, आर्किया. ए-ई किंवा ओ-ई जोडून आले की बहुधा ई, जसं सीझियम, सीलोम. आणि जी च्या पुढं ई, आय किंवा वाय आला की साधारण ज होतो, सी चा स होतो, तो ए-ई पण त्यातच धरायचा, म्हणून गाइया नाही, जीया.

आता अर्थ. हायपो म्हणजे खाली, आणि जीया मधे जमिनीचा ग्रीक शब्द आहे, जिऑलॉजी जिऑग्राफीतली तीच. जमिनीखालचं. भुईमुगाचं फूल वर लागतं, मग त्याला आऱ्या, म्हणजे दोऱ्यासारखे देठ, सुटून मातीत घुसतात आणि शेंग खाली धरते, ज्यानं शेतात हे बघितलंय त्याला हायपो परत पाठ करावा लागत नाही.

हायपो आणि हायपर मधे गोंधळ होतो ना, त्याला सोपं आहे. हायपर म्हणजे संस्कृतातलं उपरि, हायपो म्हणजे उप, ही खरोखर एकाच कुळातली भावंडं आहेत, नुसती युक्ती नाही. हायपरटेन्शन म्हणजे बीपी वर गेलेलं, हायपोटेन्शन म्हणजे उतरलेलं, आणि बोलताना मधलं पर-पो स्पष्ट म्हणा, दवाखान्यात या एका अक्षरानं अर्थ उलटा होतो.

सुरुवातीला पी-एन, पी-टी, पी-एस आलं तर पी सोडून द्या, न्यूमोनिया, टेरिडोफाइट, सायकॉलॉजी. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कॉलेजच्या व्हायव्हात मी प्न्यूमोनिया म्हणलो आणि समोरचे सर हसले, पुढची उत्तरं येत असून तोंडातून निघाली नाहीत, म्हणून पोरांना मी हे आधी सांगतो. पण पी शब्दाच्या मधे असला तर बोलायचा. हेलिकॉप्टर फोडा बरं, हेलि अधिक कॉप्टर नाही, हेलिको अधिक प्टर, फिरकी आणि पंख. सुरुवातीचा एक्स मात्र झ होतो, झायलम, झेरोफाइट, म्हणजे कोरड्यातलं झाड, आपला निवडुंग.

करायचं असं की शब्दाचे तुकडे पाडून पेन्सिलीनं वर देवनागरीत उच्चार लिहायचा, आपल्या लिपीत आवाज बराचसा पकडता येतो, हा आपला मोठा फायदा आहे. मग केंब्रिज डिक्शनरीच्या साइटवर स्पीकरचं चिन्ह दाबून ऐका आणि जोर कुठं पडतो तिथं रेघ मारा. आपण सगळी अक्षरं सारखीच म्हणतो, इंग्रजीत तसं चालत नाही, फोटोग्राफ मधे जोर फो वर पण फटॉग्रफीत टॉ वर, हायपॉथेसिस मधे पॉ वर. त्याचंच अनेकवचन हायपॉथेसीझ. मग मोठ्यानं म्हणा, मनात नाही.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावरचा आपला माळढोक पक्षी घ्या, आर्डिओटिस नायग्रिसेप्स. काही जण निग्रिसेप्स म्हणतात, लॅटिन नावांत तेवढं चालतं, भांडू नका. आर्डिया म्हणजे बगळा, ओटिस हे माळढोकासारख्या पक्ष्याचं ग्रीक नाव, नायग्रि म्हणजे काळं. आणि सेप्स? बायसेप्स हा दोन डोक्यांचा स्नायू, त्यावरून एका पोरीनं स्वतःच उत्तर काढलं, म्हणाली, “सर, काळ्या डोक्याचा.”