महाविद्यालयीन संघाने मोठ्या खेळाडूचा जर्सी क्रमांक बंद करावा का, आणि मान द्यायचा तर कसा द्यावा

विदर्भातील तालुक्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयातून एखादा कबड्डीपटू विद्यापीठाच्या संघात निवडला जातो, कलर कोट (विद्यापीठाकडून खेळल्याबद्दल मिळणारा मानाचा कोट) मिळवतो, पुढे पोलीस दलात किंवा रेल्वेत लागतो, आणि काही वर्षांनी माजी विद्यार्थी मेळाव्यात मागणी पुढे येते की त्याच्या जर्सीचा क्रमांक यापुढे कोणालाही देऊ नये. या मागणीमागची भावना खरी असते व तिचा आदर झालाच पाहिजे. तरीही टाळ्यांच्या गजरात तिथल्या तिथे होकार देऊ नये. माझे मत आरंभीच नोंदवतो : आपल्याकडच्या लहान महाविद्यालयांनी क्रमांक कायमचा बंद करू नये, तो मानाचा क्रमांक ठरवावा आणि जो खेळाडू त्या योग्यतेचा होईल त्यालाच तो द्यावा.

सर्वप्रथम आपल्या खेळाचे नियम आणि आपल्याकडचा जर्सींचा संच, या दोन गोष्टी तपासाव्यात. कबड्डीच्या संघात बारा खेळाडू असतात, त्यांपैकी सात मैदानात उतरतात. प्रत्येकाच्या जर्सीवर वेगळा क्रमांक लागतो आणि तो छातीवर किमान चार इंच व पाठीवर किमान सहा इंच उंचीचा असावा लागतो. बाद झालेले खेळाडू ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने जिवंत होतात, त्यामुळे गुणलेखकाची सारी भिस्त या क्रमांकांवर असते. खो-खोत बचाव करणारे तिघा-तिघांच्या तुकडीने उतरतात, तेथेही नोंद क्रमांकावरूनच होते. काही स्पर्धांत तर क्रमांक सलगच द्यावे लागतात. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी अर्जेंटिनाने मॅराडोनाचा १० क्रमांक रिकामा ठेवण्याचे ठरवले होते, पण फिफाने ते मान्य केले नाही आणि ती जर्सी अखेर एरियल ओर्तेगाने घातली. आपल्या स्पर्धेच्या परिपत्रकात क्रमांकांविषयी काय लिहिले आहे ते वाचल्याखेरीज ठराव लिहायला घेऊ नये.

जर्सींचा प्रश्न नियमांपेक्षाही अधिक अडचणीचा आहे. ग्रामीण महाविद्यालयात बारा-चौदा जर्सींचा एक संच क्रीडा शुल्कातून घेतला जातो आणि तो पुढचे दोन-तीन हंगाम वापरला जातो. त्यातला ७ क्रमांक मध्येच बंद केला तर एक चांगली जर्सी पेटीत पडून राहते आणि बाराव्या खेळाडूला काय द्यायचे हा पेच उभा राहतो. मग पाठीवरच्या सातच्या डाव्या बाजूला पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्याचे सतरा केले जातात. पहिल्या डावातील चार-पाच पकडींतच घामाने आणि काळ्या मातीने पट्टीचे टोक उचलले जाते, दुसऱ्या डावात ती गळून पडते, आणि बाद झालेला खेळाडू सात की सतरा यावरून गुणलेखकाच्या टेबलाभोवती दोन्ही संघांचे कर्णधार गोळा होतात. ज्याच्या गौरवासाठी हे केले त्याच्या नावाला यात कसलीही शोभा येत नाही. म्हणून क्रमांकाविषयीचा कोणताही बदल नवा संच घेतानाच अमलात आणावा आणि छपाईवाल्याला क्रमांकांची यादी लेखी द्यावी, कारण तोंडी सांगितले तर तो १ पासून सरळ छापत जातो.

क्रमांक बंद करण्याची रूढी मुख्यतः अमेरिकी खेळांतून आली. बेसबॉलमध्ये न्यूयॉर्क यँकीज संघाने १९३९ मध्ये लू गेरिगचा ४ क्रमांक बंद केला. आपल्याकडे सचिन तेंडुलकरची १० क्रमांकाची जर्सी शार्दूल ठाकूरने २०१७ मध्ये श्रीलंकेत घातली तेव्हा चाहते नाराज झाले, आणि त्यानंतर तो क्रमांक भारतीय संघात कोणी घातलेला नाही. धोनीचा ७ क्रमांकही राखून ठेवल्याचे वृत्त २०२३ मध्ये आले. परंतु या संघांपाशी क्रमांकांची चणचण नसते आणि त्या खेळाडूंची कीर्ती टिकवण्यासाठी जर्सीची गरजही नसते. आपल्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांची पिढी तीन वर्षांत बदलते. न दिसणारा क्रमांक चौथ्या वर्षी कोणाला आठवतही नाही, कारण जी जर्सी कोणी घालत नाही तिच्याविषयी कोणी विचारतही नाही.

याउलट सिराक्यूज विद्यापीठाच्या अमेरिकी फुटबॉल संघातील ४४ क्रमांकाचा इतिहास पाहावा. १९५० च्या दशकात तो जिम ब्राउनने गाजवला, त्यानंतर एर्नी डेव्हिसने घातला, आणि १९६१ मध्ये हाइजमन चषक (महाविद्यालयीन अमेरिकी फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. पुढे तोच क्रमांक फ्लॉइड लिटलकडे आला. विद्यापीठाने २००५ मध्ये ४४ बंद केला खरा, पण ब्राउननंतर लगेच बंद केला असता तर डेव्हिस आणि लिटल यांची नावे त्याच्याशी जोडलीच गेली नसती. या क्रमांकाला जे तेज आले ते एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याने आले. मिशिगन विद्यापीठाने २०११ पासून जुने मोठे क्रमांक निवडक खेळाडूंना देऊन जर्सीवर मूळ खेळाडूच्या नावाची पट्टी लावण्याची योजना राबवली आणि २०१५ मध्ये ती थांबवली. धोरण दर चार वर्षांनी बदलू नये म्हणून आपला ठराव सुरुवातीलाच विचारपूर्वक लिहावा, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

ठराव क्रीडा समितीने तयार करून महाविद्यालय विकास समितीपुढे ठेवावा, म्हणजे प्राचार्य किंवा क्रीडा संचालक बदलले तरी तो टिकून राहतो. निकष मोजके आणि कागदावर तपासता येतील असेच असावेत. खेळाडूने किमान दोन हंगाम महाविद्यालयाकडून खेळलेले असावे, आंतरविद्यापीठीय स्पर्धेत विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेले असावे आणि महाविद्यालय सोडून किमान पाच वर्षे झालेली असावीत. पाच वर्षांची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ताज्या विजयाच्या भरात घेतलेला निर्णय आणि गावातील वजनदार घराच्या आग्रहाखातर घेतलेला निर्णय, या दोन्हींना ती आवर घालते. देणगीदाराच्या मुलाचे नाव पुढे आले तर हेच निकष दाखवता येतात आणि संचालकांना कोणाचा व्यक्तिगत रोष ओढवून घ्यावा लागत नाही.

मुलींच्या संघासाठी स्वतंत्र क्रमांक आणि स्वतंत्र नोंद ठेवावी, आणि हे ठरावातच लिहावे. मुलांच्या संघाचा ७ मानाचा झाला म्हणून मुलींच्या संघातील ७ त्यात आपोआप धरला जाऊ नये. तो तिथल्या एखाद्या बचावपटूने स्वतः गाजवलेला असू शकतो. लग्नानंतर आडनाव बदलल्यामुळे अनेक माजी खेळाडू मुलींचा माग लागत नाही, म्हणून दाखल्यावरील नाव, सध्याचे नाव आणि खेळलेली वर्षे अशी तिहेरी नोंद करावी. जुन्या गुणपत्रिका आणि विद्यापीठाची निवडपत्रे शोधताना मुलींच्या बाबतीत जास्त वेळ लागतो. तो वेळ द्यावा, कारण कागद सापडला नाही म्हणून सर्वांत गुणी खेळाडू यादीबाहेर राहणे हा तिच्यावर अन्याय आहे.

मानाचा क्रमांक कोणाला द्यायचा हे हंगामापूर्वीच्या सराव शिबिराच्या शेवटी प्रशिक्षकाने ठरवावे आणि योग्य खेळाडू नसेल तर त्या वर्षी तो रिकामा ठेवावा. जर्सीच्या आत, कॉलरखाली, मूळ खेळाडूचे नाव व वर्षे कापडी पट्टीवर शिवून घ्यावीत. बाहेर काही लावल्यास आयोजक हरकत घेऊ शकतात. शक्य असेल तर मूळ खेळाडूला बोलावून त्याच्याच हातून जर्सी द्यावी. त्याने नव्या खेळाडूबरोबर अर्धा तास मैदानात घालवून कोपऱ्यातली पकड कशी लावायची हे दाखवले, तर त्या अर्ध्या तासाचे मोल शाल-श्रीफळापेक्षा जास्त आहे. अमेरिकी बेसबॉलने १९९७ मध्ये जॅकी रॉबिन्सन या आधुनिक काळातील पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूचा ४२ क्रमांक सर्व संघांसाठी बंद केला, पण २००९ पासून दरवर्षी १५ एप्रिलला सर्वच खेळाडू तो घालून उतरतात. वार्षिक क्रीडा महोत्सवातील प्रदर्शनीय सामन्यात असे काही आपल्यालाही करता येईल.

मूळ जर्सी मिळाली तर ती साध्या पाण्यात धुवून सावलीत पूर्ण वाळवावी. रबरी छपाईचा आकडा आपल्या मे महिन्यातल्या उन्हाळ्यात मऊ होऊन काचेला चिकटतो, म्हणून काच आणि कापड यांत बोटभर अंतर राहील अशी खोल चौकट करून घ्यावी. ती पश्चिमेच्या भिंतीवर किंवा पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नये. घडी घालून ठेवायची असल्यास आकड्यावर बटर पेपर ठेवावा आणि उधळी (वाळवी) लागू नये म्हणून लाकडी पेटीऐवजी पत्र्याची पेटी वापरावी.

विद्यार्थिदशेतच एखादा खेळाडू दगावला तर मात्र त्याचा क्रमांक त्याचे सहकारी महाविद्यालयात असेपर्यंत, म्हणजे साधारण तीन वर्षे, कोणालाही देऊ नये. ज्याच्याबरोबर रोज चढाया केल्या त्याचा आकडा दुसऱ्याच्या पाठीवर पाहणे त्या मुलांना जड जाते. पूर्वीच कायमचा बंद केलेला क्रमांक पुन्हा सुरू करायचा असेल तर आधी त्या खेळाडूची, आणि तो हयात नसल्यास कुटुंबीयांची, घरी जाऊन संमती घ्यावी. ती लेखी घेऊन जुन्या ठरावाला जोडावी आणि त्यांनी नकार दिला तर तो क्रमांक बंदच ठेवावा.