अंगावर पुरळ उठलंय आणि कारण सापडत नाहीये? मग असं शोधा

पुरळ उठलं की आपण सगळे पहिल्यांदा हेच विचारतो की काल काय खाल्लं होतं, आणि बऱ्याचदा शोध तिथेच भरकटतो. त्याआधी ते नेमकं कुठे उठलंय ते नीट बघा, कारण जागेवरून खूप कळतं. बेंबीच्या खाली एकच खाजरा चट्टा असेल तर जीन्सचं बटण किंवा बेल्टचं बक्कल बघा, त्यात बऱ्याचदा निकेल हा धातू असतो आणि त्याची ॲलर्जी येऊ शकते. मनगटाला पट्ट्यासारखं असेल तर घड्याळ. चेहरा, गळ्याचा उघडा भाग आणि हातांची मागची बाजू लाल पण हनुवटीच्या खाली स्वच्छ, तर उन्हाचा संबंध असू शकतो. बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला खाज आणि ती रात्री वाढते, घरात अजून कोणीतरी खाजवतंय, तर खरूज असू शकते, आणि ती पहिल्यांदाच होत असेल तर लागण झाल्यावर खाज सुरू व्हायला 4 ते 6 आठवडे जातात म्हणून कुठून आली ते आठवतच नाही.

कधीकधी जागा फसवते पण. माझ्या पापण्या महिनाभर सुजून सोलवटत होत्या, मी फेसवॉश बदलला, क्रीम बंद केलं, उशीचे अभ्रे बदलले, काही फरक नाही, शेवटी निघालं काय तर नेलपॉलिश! नखांजवळ काहीच नव्हतं, पण दिवसभरात हात डोळ्यांना लागतोच आणि पापण्यांची कातडी फार पातळ असते. त्यामुळे पापण्यांवर काही झालं तर हातांना काय लावता तेही बघा.

दुसरी गोष्ट, एक एक चट्टा किती वेळ टिकतो. पेनाने त्याच्या कडेने गोल काढा, वेळ लिहा, फोटो काढा. 24 तासांच्या आत तो चट्टा मावळला आणि दुसरीकडे नवीन उठला तर ते बहुतेक अंगावर उठणारं पित्त, म्हणजे गांधी. त्याला काही तासांपूर्वीचं औषध, खाणं, नुकतंच झालेलं इन्फेक्शन अशी कारणं असतात आणि खूपदा कारण सापडतच नाही, तेव्हा स्वतःला दोष देत बसू नका. तोच चट्टा तिथेच दिवसेंदिवस राहिला, कोरडा खरखरीत झाला, तर वेगळा विचार करावा लागतो.

काहीतरी लागून येणारी ॲलर्जी बहुतेक वेळा 1 ते 3 दिवसांनी दिसते, म्हणून "आज सकाळी काय लावलं" यापेक्षा परवा काय लावलं होतं ते आठवा. नवीन औषध सुरू केलं असेल तर अजून मागे जा, साधारण 4 ते 14 दिवस (डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांना न विचारता बंद करू नका, फोन करून विचारा). आणि "हे तर मी वर्षानुवर्षं वापरतेय" म्हणून कुठलीही वस्तू यादीतून काढू नका, जुन्या साबणाची, हेअर डायची ॲलर्जी अचानक सुरू होऊ शकते.

मग अंगाला लावायच्या संशयित गोष्टी सगळ्या एकदम थांबवा, फक्त बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर ठेवा, आणि त्वचा पूर्ण शांत झाल्यावर एकेक परत आणा. क्रीम असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला छोट्या जागेवर दिवसातून दोनदा, 7 ते 10 दिवस लावून बघा, खाज आली की लगेच थांबा. हेअर डाय आणि धुवून टाकायच्या वस्तू असं लावून ठेवू नका.

कळकळीने सांगते, घरात पडलेली स्टेरॉइडची ट्यूब लावू नका. कड उठलेला, मधे साफ असा गोल चट्टा असेल तर गजकर्ण असू शकतं, स्टेरॉइडने ते दोन दिवस बरं वाटतं, मग आतून पसरतं आणि त्याचं रूपच बदलतं, डॉक्टरांनाही ओळखायला जड जातं.

ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, पुरळासोबत ताप आणि तोंडात किंवा डोळ्यात फोड आले, किंवा काचेचा ग्लास दाबूनही डाग फिके पडत नाहीत आणि ताप आहे, तर शोध वगैरे सोडा, लगेच इमर्जन्सीत जा. शरीराच्या एकाच बाजूला आधी दुखलं आणि मग फोडांचा पट्टा आला तर नागीण असू शकते, तिचं औषध शक्यतो 72 तासांत सुरू व्हावं लागतं.

एवढं करूनही सापडलं नाही तर स्किनच्या डॉक्टरांना पॅच टेस्टबद्दल विचारा. संशयित पदार्थ लावलेल्या पट्ट्या पाठीवर 48 तास ठेवतात आणि नंतर परत एकदा बघतात, कारण काही रिॲक्शन उशिरा येतात, त्यामुळे दुसरी फेरी चुकवू नका. जाताना फोटो, तारखा आणि वापरता त्या सगळ्या बाटल्या सोबत न्या, रिकाम्या असल्या तरी, मागचं लेबल महत्त्वाचं असतं.